नोंदवही उघडी ठेवा : वॉटर पार्क आणि मनोरंजन उद्यानांच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वॉटर पार्क, मनोरंजन उद्याने आणि गेमझोन यांचे चालक-मालक,
तसेच त्यांना परवाने देणारे शासनाचे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात भाचीच्या दोन मुलांना घेऊन मी एका वॉटर पार्कला गेले होते. तिकिटे काढली, लॉकरची अनामत भरली, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाने माझ्यापुढे पॅड धरला. त्यावर छापील कागद होता. इथे होणारी कोणतीही इजा, अपंगत्व किंवा मृत्यू यांस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही आणि मी किंवा माझे वारस कसलाही दावा करणार नाही, अशा मजकुराचा. खाली तिघांची नावे आणि माझी एक सही. मागे पन्नासेक माणसांची रांग होती, मुले हात ओढत होती. मी विचारले, "सही नाही केली तर?" तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मग आत सोडता येत नाही काकू. हल्ली लोक खोट्या केसेस टाकतात ना, म्हणून साहेबांनी हे ठेवलंय."

मी सही केली. एवढ्या उन्हातून आलेल्या मुलांना परत न्यायला जीव होईना. पण घरी आल्यावर तो कागद डोक्यातून जाईना. खोट्या केसेस म्हणजे काय आणि खऱ्या म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. अशाच एका वॉटर पार्कच्या प्रथमोपचार कक्षात मी अकरा वर्षे परिचारिका होते. पार्कचे नाव इथे लिहीत नाही. मला कोणा एकाशी भांडायचे नाही, तुम्हा सगळ्यांशी बोलायचे आहे.

खोटे दावे होतात, हे आधीच मान्य करते. मी ते डोळ्यांनी पाहिले आहेत. घरून खरचटून आलेला गुडघा दाखवून तिकिटाचे पैसे परत मागणारे, स्वतःच्या चपलेवरून घसरून "व्हिडिओ व्हायरल करीन" म्हणणारे, दारू पिऊन लाटांच्या तलावात उतरणारे आणि वर लाइफगार्डच्या अंगावर जाणारे. एका गृहस्थाने तर बारा दिवसांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, की तुमच्या स्लाइडवर माझे मनगट मोडले, सव्वादोन लाख द्या. सोबत एक्स-रे होता, सहलीनंतर दोन दिवसांनी काढलेला. मी त्या दिवसाचे रजिस्टर काढले. वेळ दुपारी ४.१०. "उजवे मनगट दुखते म्हणतात. सूज नाही, रंगात बदल नाही, मूठ वळते, बोटे हलतात. क्रेप बँडेज नको म्हणाले. कोणती स्लाइड विचारले, सांगता आले नाही." मग आमच्या भेटीवर येणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि हसले. मोडलेल्या हाडाभोवती नवे हाड धरू लागते, त्याला कॅलस म्हणतात. तो एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. दोन दिवसांपूर्वी मोडलेल्या हाडाला कॅलस असूच शकत नाही. रजिस्टरच्या पानाची प्रत आणि डॉक्टरांचे चार ओळींचे मत असे एक उत्तर गेले. पुन्हा त्या गृहस्थांचे पत्र आले नाही. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

स्लाइडवर दोन माणसे लागतात. एक वर सोडणारा, एक खाली कुंडाशी. आधीचा माणूस कुंडातून बाहेर पडला की खालच्याने हात वर करायचा, मगच वरच्याने पुढचा सोडायचा. सगळी सुरक्षितता त्या एका हातावर असते. मे महिन्यातल्या रविवारी रांग जिन्यावरून खाली मैदानात येते, सुपरवायझर "चला, चला" करत फिरतो, आणि अशा वेळी खालचा मुलगा जेवायला गेला आणि त्याच्या जागी कुणी आले नाही, तर वरचा अंदाजाने सोडत राहतो. त्या दिवशी तसेच झाले. नऊ वर्षांची मुलगी कुंडातून उठत होती आणि मागून एक भरभक्कम माणूस तिच्यावर येऊन आदळला. कॉलरबोन मोडले, हनुवटी फाटली, वरचे पुढचे दोन दात गेले. नवव्या वर्षी ते दात पक्के असतात, पुन्हा येत नाहीत. एक दात कुंडाच्या जाळीत सापडला. मी कॅन्टीनमधून दूध मागवून तो त्यात घालून वडिलांच्या हातात दिला. दुसरा सापडला नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिले : दुपारी १.४०, मागून आलेल्या व्यक्तीची धडक, खालच्या जागेवर लाइफगार्ड नव्हता.

संध्याकाळी मॅनेजर साहेब कक्षात आले. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "सिस्टर, हे असं लिहिलंत तर उद्या पार्क बंद होईल, दोनशे पोरांच्या नोकऱ्या जातील." रजिस्टरच्या पानांवर आकडे छापलेले नव्हते. पान निघाले. नव्या पानावर मी लिहिले की मुलगी सूचना न ऐकता कुंडात खेळत थांबली होती. त्या नोंदीखाली माझी सही आहे.

मुलीचे वडील बोईसरच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी नोटीस पाठवली, तिला उत्तर गेले की हा दावा खोटा असून पैसे उकळण्याच्या हेतूने केला आहे. एक दिवस ते फाटकाशी येऊन मला भेटले. "सिस्टर, तुम्ही त्या दिवशी लिहून घेतलं होतंत ना सगळं?" मी म्हणाले, ऑफिसात विचारा. त्यानंतर त्यांनी प्रकरण सोडून दिले. पार्कच्या हिशेबात तो 'परतवलेला खोटा दावा' म्हणून जमा झाला असणार. खोट्या दाव्यांचा आकडा कुणी सांगू लागले की त्यात अशी किती प्रकरणे असतील, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडतो.

तेव्हा माझ्या तक्रारी ऐका.

पहिली तक्रार त्या सहीच्या कागदाची. माझा पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, "काकू, हा कागद कोर्टात फारसा टिकणार नाही." भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार निरर्थक ठरू शकतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर अन्याय्य कराराविरुद्ध थेट राज्य ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट दिली आहे. हे तुमच्या वकिलांनाही माहीत आहे. मग कागद कशासाठी? ज्याचे पोर जखमी झाले तो घरी जाऊन म्हणतो, 'आपणच सही करून दिली होती, आता काय करणार?' त्याने आयोगाची पायरीच चढू नये, यासाठी. खोटा दावा करणारा अशा सहीला भीत नाही, तो वकील घेऊनच येतो. कागदाने थांबतो तो साधा माणूस. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेमझोनला आग लागून २७ माणसे गेली, त्यात लहान मुले होती. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला तिथे नव्हता, पण आत येणाऱ्यांकडून जबाबदारी झटकणाऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या जात असल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. जो दाखला हवा होता तो नाही आणि जो कागद नको होता तो मात्र तयार, हे चित्र मला विसरता येत नाही.

दुसरी तक्रार, तुम्ही अमेरिकेची भीती इथे दाखवता. 'तिकडे कॉफी सांडली तरी लाखो डॉलर देतात, इकडेही तेच सुरू होईल', हे मी मालकांच्या तोंडून ऐकले आहे. ती कॉफीची गोष्ट पुरी ऐका. १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोत ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. मी भाजलेल्या रोग्यांची सेवा केली आहे, म्हणून सांगते, तिसऱ्या दर्जाचे भाजणे होते ते, त्वचारोपण करावे लागले. आणि खटल्यात कंपनीला जड गेली तिचीच कागदपत्रे. आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. ज्युरीने ठरवलेली मोठी रक्कम न्यायाधीशांनी पुढे बरीच खाली आणली, ती गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडे तर ज्युरीही नाही. वकिलाने भरपाईत हिस्सा ठरवून खटला घ्यायलाही बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. बोईसरच्या टर्नरला आधी खिशातून पैसे घालावे लागतात, सुट्या टाकून तारखांना जावे लागते. तो कशाच्या लोभाने खोटे बोलेल?

पुतण्याने अमेरिकेतलाच आणखी एक निकाल मला वाचून दाखवला, तो मात्र तुमच्या बाजूचा आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर स्टीपलचेस नावाचे मनोरंजन उद्यान होते. तिथे 'फ्लॉपर' नावाचा एक चालता पट्टा होता, त्यावर उभे राहायचे आणि पडायचे, हीच गंमत. एक तरुण पडला, गुडघ्याची वाटी फुटली, त्याने दावा लावला. खालच्या न्यायालयांत तो जिंकला, पण १९२९ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. पडण्यासाठीच जिथे जायचे तिथे पडलो म्हणून तक्रार कशी, भित्र्याने घरी बसावे, असे त्यांनी लिहिले. मला हा निकाल पटतो. उडी मारायला आलेल्या माणसाला खरचटले तर तो पार्कचा दोष नाही, हे मी अकरा वर्षे लोकांना समजावत होते.

पण त्याच निकालात दोन ओळी आहेत, त्या ऐकून मी पुतण्याला पुन्हा वाचायला लावल्या. धोका लपलेला असता, किंवा अपघात इतके झाले असते की खेळच धोक्याचा ठरावा, तर गोष्ट वेगळी झाली असती, असे न्यायमूर्ती म्हणतात. आणि मग एका परिचारिकेची साक्ष येते. त्या उद्यानाच्या इस्पितळात ती कामाला होती. कंपनीचा अध्यक्ष म्हणाला होता, असा अपघात याआधी कधी झाला नाही. ती म्हणाली, फ्लॉपरवर जखमी झालेल्यांची शुश्रूषा मी यापूर्वीही केली आहे. किती जणांची? ते तिला सांगता आले नाही. हाड मोडलेले कुणी नव्हते, एवढेच ती सांगू शकली. वर्षाला अडीच लाख माणसे त्या पट्ट्यावर येत होती, असा कंपनीचा अंदाज निकालात आहे. माणसे किती आली याचा अंदाज तरी होता, जखमी किती झाली ते कुणी सांगू शकत नव्हते. माझ्याच कामाची ती बाई, शंभर वर्षांपूर्वीची, न्यायालयात उभी आहे आणि तिच्याजवळ आकडा नाही. माझ्याजवळ आकडा होता, आणि मी पान बदलू दिले.

तिसरी तक्रार शासनाकडे आहे. परवान्यासाठी आजही आधार घेतला जातो तो १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ चा आणि त्याखालच्या १९६० च्या नियमांचा. त्या नियमांच्या शीर्षकात मेळे आणि तमाशे आहेत. तमाशाच्या कनातीचे आणि चार मजली स्लाइडचे नियमन एकाच पिशवीत घालून कसे चालेल? राइडची रचना, उभारणी, देखभाल आणि चालवणे यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. ते पाळले जाते की नाही, हे तिकीट काढणाऱ्या माणसाला कुठे दिसते? अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी राइड तुटून दोघांचा जीव गेला. तेव्हाही आधी तपासणी कुणी केली होती आणि काय लिहिले होते, हे विचारायची वेळ अपघातानंतरच आली. फाटकावर तिकिटाचे दर मोठ्या अक्षरांत असतात, नायलॉनच्या कॉस्च्युमचे भाडे असते, बाहेरचे खाणे आणू नये ही सूचना असते. तपासणीची तारीख मी एकाही फाटकावर वाचलेली नाही.

आणखी एक, थोडक्यात. हंगामापुरती मुले उचलून, आठ दिवसांत शिकवून तुम्ही त्यांना कुंडावर उभे करता. ती मुले वाईट नसतात. एकोणीस-वीस वर्षांची, आदिवासी पाड्यांवरची, पोहण्यात पटाईत पोरे मी पाहिली आहेत, त्यांनी बुडणाऱ्यांना वाचवले आहे. पण जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस न देणे हा त्यांचा दोष नाही. अपघात झाला की सर्वांत आधी काढले जाते ते मात्र त्यांनाच. आमच्या इथल्या त्या मुलालाही दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितले गेले.

आता मागण्या. मी कायद्याची जाणकार नाही, पण रजिस्टर कसे असावे एवढे मला नक्की कळते.

प्रथमोपचार कक्षातल्या नोंदवहीची पाने छापील क्रमांकाची हवीत, कार्बन प्रतीची हवीत. जखमी माणसाला किंवा त्याच्या पालकाला एक प्रत त्याच दिवशी, फाटकाबाहेर पडण्याआधी मिळाली पाहिजे. त्याने ती वाचून सही करावी, पटत नसेल तर तसे लिहावे. एक प्रत पार्ककडे, एक परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे. त्या वेळेचे कॅमेऱ्याचे चित्रीकरण ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत राखून ठेवावे. मनगटवाल्या गृहस्थांसारखा माणूस अशा नोंदीपुढे टिकणार नाही आणि त्या मुलीसारखे पोर अशा नोंदीमुळे एकटे पडणार नाही. तुमच्या वकिलांच्या फीपेक्षा हे रजिस्टर स्वस्त पडेल.

दर तीन महिन्यांनी गंभीर दुखापतींचा आकडा, राइडच्या नावासकट, शासनाने जाहीर करावा. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात डिस्ने आणि युनिव्हर्सलसारख्या मोठ्या उद्यानांना राज्याच्या तपासणीतून सूट आहे. तरीही रुग्णालयात २४ तासांहून जास्त राहावे लागलेल्या दुखापती त्यांना दर तिमाहीला कळवाव्या लागतात आणि तो अहवाल कुणीही वाचू शकतो. त्याने तिथली गर्दी आटलेली नाही.

राइड आणि स्लाइड यांसाठी स्वतंत्र कायदा करा, स्वतंत्र तपासनीस नेमा, आणि त्याने तपासल्याची तारीख तिकीट खिडकीवर लावा. जत्रेतल्या पाळण्यांनाही तो लागू करा.

दोष कुणाचा हे ठरेपर्यंत उपचार थांबू नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची सोय आहे. तसाच सक्तीचा विमा प्रत्येक तिकिटामागे काढा. चार रुपये जास्त द्यायला कोणी कुरकुर करणार नाही. ठरलेली, मर्यादित रक्कम लगेच मिळाली तर बहुतेक माणसे वकिलाकडे जाणारच नाहीत.

आणि खोट्या दाव्यांवर खरोखर कारवाई करा. हे मी मनापासून लिहिते. १९८६ च्या ग्राहक कायद्यात खोडसाळ तक्रारीसाठी दहा हजार रुपयांपर्यंत खर्च लादणारे कलम २६ होते. २०१९ च्या कायद्यात तसे स्वतंत्र कलम ठेवलेले नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ अ मध्ये खोट्या दाव्याबद्दलच्या भरपाईची मर्यादा तीन हजार रुपये आहे. तीन हजारांत आज एका कुटुंबाची तिकिटेही येत नाहीत. ही मर्यादा वाढवून घेण्यासाठी तुम्ही शासनाकडे गेलात तर मी तुमच्या निवेदनावर सही करीन. मात्र ज्या पार्कने नोंद बदलली, चित्रीकरण पुसले किंवा खऱ्या जखमीला खोटा म्हटले, त्यालाही तोच दंड त्याच कलमाने लागला पाहिजे.

तो सहीचा कागद मात्र आजच काढून टाका. त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहायला नको.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्या वडिलांच्या नजरेस हे पत्र पडले तर त्यांना सांगते : भाऊ, मी लिहून घेतले होते. मूळ नोंद दुपारी १.४० ची होती, आणि खालच्या जागेवर लाइफगार्ड नव्हता असे तीत स्पष्ट लिहिले होते. मुदत उलटून गेली आहे हे मला ठाऊक आहे. तरीही तुम्ही म्हणाल त्या अधिकाऱ्यापुढे, म्हणाल त्या दिवशी येऊन हे सांगायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका